देवगडच्या झिलाची उशिराची चिठी

सिस्टर,

नमस्कार. आणि तुमच्या वॉर्डात स्वाहिलीत शिकलो तसं, ‘तुम्सिफू येसू क्रिस्तो’, म्हणजे येसू ख्रिस्ताची स्तुती करू या. यावर ‘मिलेले, आमिना’ (सदासर्वकाळ, आमेन) तुम्ही म्हणालच, माझ्या उच्चाराला हसून.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. मिशनचंही लिहीत नाही. तुमची तिथून बदली झाल्याचं कानावर आलं, कुठे ते कळलं नाही. पत्ताच नाही म्हटल्यावर हे पत्र असं उघड्यावर टाकतोय. तुमच्यापर्यंत पोचलं तर बरंच, नाही पोचलं तरी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

निमित्त एका गोणीचं झालं. बोटीवरची नोकरी सोडून मी आता गावात काजूचा लहानसा कारखाना चालवतो. आपल्याकडची बी फेब्रुवारी ते मे. पुढे कारखाना चालू ठेवायचा तर आफ्रिकेची बी घ्यावी लागते. परवा टेम्पोतून गोण्या उतरवताना एकीवर टांझानिया आणि त्याखाली मत्वारा अशी अक्षरं दिसली, आणि मी त्या गोणीवरच बसलो. बायकांना वाटलं मला चक्कर आली.

ते 2018 साल. आमची बोट काजूचे कंटेनर भरायला मत्वाऱ्याला लागायची होती. त्याआधी मोझांबिकमध्ये नाकालाला थांबलो होतो, डास तिथलेच असणार. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या दिलेल्या होत्या. पोट बिघडतं म्हणून मी त्या गुपचूप समुद्रात टाकल्या. हे तुम्हाला तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही, आता सांगतो. बंदराला लागेपर्यंत मी बडबडायला लागलो होतो. बोट दोन दिवसांत सुटली, मी तुमच्या मिशनच्या इस्पितळात राहिलो. कंपनीचा एजंट दोनदा येऊन गेला आणि पासपोर्ट घेऊन जो गेला तो तीन आठवड्यांनी उगवला. असो. त्याच्यामुळेच तुमच्याकडे 23 दिवस राहायला मिळालं.

पहिल्या रात्रीचं मला फारसं आठवत नाही. आर्टेसुनेटचं इंजेक्शन दिलं, बारा तासांनी परत दिलं, एवढं कागदावर आहे. आठवतो तो आवाज. मी ‘आये गो, आये गो’ करत होतो आणि अंधारातून कोणीतरी विचारलं, ‘खंयचो रे तू?’

मला वाटलं, मी मेलो आणि वर सगळे मालवणीतच बोलतात.

‘देवगडचो.’

‘माका वाटलांच. गप ऱ्हव, पेज आणतंय.’

सावंतवाडीकडची बाई, पांढरा झगा, गळ्यात क्रूस, हातात पेजेचा वाडगा. त्या पेजेत मीठ जरा जास्तच होतं. आईची असते तशीच.

दुसऱ्या दिवशी विचारलंत, ‘आवशीक फोन केलंस काय?’ माझा फोन बोटीवरच राहिलेला. तुम्ही म्हणालात, ‘सुपीरियरना विचारतंय,’ म्हणजे तुमच्या मठाच्या प्रमुख सिस्टरना. तेव्हा मला नवल वाटलं, थोडा रागही आला. पन्नाशी उलटलेली बाई, सबंध वॉर्ड सांभाळते, आणि एका फोनसाठी परवानगी मागते? नंतर कळलं की तुमच्या सात जणींत पैसा सामाईक, स्वतःचा असा एक शिलिंगही नाही. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रतं मी शाळेच्या पुस्तकातल्या शब्दांसारखी ऐकली होती. फोन कार्डाची चार मिनिटं मोजून वापरताना तुम्हाला बघितलं तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्याचा अर्थ लागला.

त्या चार मिनिटांतली तीन आईने खाल्ली. ‘तुमचो झील बरो आसा, काळजी करू नकात,’ असं तुम्ही सांगितलंत. तिने माझी चौकशी केलीच नाही. ‘बाये, तू खंयची गो?’ हेच तिचं चाललेलं. मग म्हणाली, कुणकेश्वराला नवस बोलते. मी घाबरून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही सहज म्हणालात, ‘बोला, बोला.’

आठवडाभराने चालायला लागलो आणि तुमचा दिवस बघायला मिळाला. पावणेपाचला घंटा. सव्वापाचला चॅपलमध्ये सकाळची प्रार्थना, सहाला मिस्सा म्हणजे फादर चालवतात ती मुख्य उपासना, मग उजी नावाची मक्याची पातळ लापशी, साडेसातला वॉर्ड. दुपारी परत चॅपल. जेवणाला उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घेवड्याच्या बिया आणि म्चिचा. हा म्चिचा म्हणजे आपला माठ. हे कळल्यावर मी एवढा खूश झालो की स्वयंपाकघरातली म्हातारी मला रोज दोन पळ्या जास्त वाढायला लागली. (नंतर मी माठाचं नाव काढणं सोडलं.) संध्याकाळी सहाला देवदूताच्या प्रार्थनेची घंटा, मग सायंप्रार्थना आणि जपमाळ. जेवणानंतर एक तास करमणूक. माझी कल्पना होती, सिस्टर लोक करमणूक म्हणून बायबल वाचत असतील. तुम्ही सगळ्या ल्युडो खेळत होतात आणि परसबाग बघणाऱ्या वयस्कर जर्मन सिस्टर उघड उघड सोंगट्या चोरत होत्या. साडेआठला शेवटची प्रार्थना आणि मग सकाळपर्यंत मौन. वीज गेली तरी मौन. लुकुचं, म्हणजे आधी पैसे भरून घ्यायच्या विजेचं, कार्ड संपून अंधार झाला की वॉर्डात तुम्ही बोटाने खुणा करत फिरायचात. रुग्णाला गरज असेल तर मात्र बोलायचं, हा नियमही तुम्हीच सांगितलात.

मी व्हरांड्यातून ऐकायचो. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. एकदा विचारलं, ‘कंटाळा येत नाही?’ तुम्ही म्हणालात, ‘येता तर. भातार पाणी ठेवचो पण कंटाळा येता.’ विषय संपला. मला तेव्हा हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं.

त्यानंतरची ती रात्र. चार वर्षांची असेल ती मुलगी, मलेरियानेच आलेली, अंगातलं रक्त पार उतरलेलं. रक्त चढवलं, उपयोग झाला नाही. पहाटे तीनच्या सुमारास तिची आई रडली ते मी ऐकलं. त्या रडण्याला भाषा लागत नाही. तुम्ही मुलीला स्वच्छ केलंत, कपडा गुंडाळलात, आईजवळ बसलात. वॉर्डातल्या बायका एकेक करून येऊन ‘पोले, पोले’ म्हणत होत्या. दुःखात असलेल्याला तिकडे एवढंच म्हणतात. शब्द छोटा आहे. आपल्याकडे तसा नाही, आपण लगेच ‘देवाची मर्जी’ वगैरे बोलायला लागतो.

पावणेपाचला घंटा झाली. मला खात्री होती, आज तुम्ही जाणार नाही. तुम्ही हात धुतलेत आणि गेलात. मी मागून येऊन खिडकीशी उभा राहिलो.

तुमची स्तोत्रं दोन बाजूंनी म्हणतात, एक कडवं या बाकांचं, एक त्या. आपल्या डबलबारीसारखं, फक्त कोणी कोणाला हरवायचं नाही. दिवसाची पहिली ओळ म्हणायची पाळी त्या दिवशी तुमची होती. तुम्ही उभ्या राहिलात आणि आवाज आलाच नाही. क्षणभर सगळं शांत. मग शेजारच्या तरुण टांझानियन सिस्टरने ती ओळ उचलली, समोरच्या बाजूने पुढची म्हटली, आणि प्रार्थना चालू झाली. तुम्ही अर्ध्यापर्यंत गप्प होतात. कोणी वळून बघितलं नाही. शेवटाकडे तुमचा आवाज कुठेतरी मिसळलेला ऐकू आला.

दोन दिवसांनी धीर करून विचारलं, ती पहिली ओळ काय होती? तुम्ही सांगितलंत, ‘हे प्रभू, माझे ओठ उघड.’ आणि म्हणालात, ‘माझे नाय उघाडले त्या दिसा. म्हणान तर सात जणी लागतत.’

भाताच्या पाण्याचं उत्तर मला त्या दिवशी कळलं. माझी समजूत होती की श्रद्धा म्हणजे आतून काहीतरी उसळून यावं लागतं. तुमच्याकडे ती घंटेला येते. मन आलं नाही तर अंगाने हजर राहायचं, बाकीच्या सांभाळून घेतात.

मिस्सेत विनंत्या म्हणतात तेव्हा प्रत्येक विनंतीनंतर सगळे मिळून ‘ए ब्वाना, त्वाकुओंबा उतुसिकिये’ म्हणतात, म्हणजे प्रभू, आमचं ऐक. मी तुम्हाला म्हटलं, हे तर आपलं गाऱ्हाणं, फक्त ‘व्हय म्हाराजा’ तेवढं वेगळं. तुम्ही इतक्या हसलात की रक्ताच्या बाटल्यांचा ट्रे हातातून खाली ठेवावा लागला. एरवी मला धर्माबद्दल तुम्ही एक शब्द सांगितला नाहीत. मी विचारलं तेवढंच बोललात. मी विचारलं, घर सोडून इतक्या लांब का? तुम्ही वसईच्या गोन्सालो गार्सियाचं नाव घेतलंत. जपानात व्यापार केलेला आपला कोकणचा मुलगा, मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मेला. आणि तिथल्याच मातीतलं सांगितलंत, की 1888 मध्ये जर्मन सिस्टर पहिल्यांदा दार-एस-सलामजवळच्या पुगूला आल्या आणि पुढच्याच जानेवारीत ते मिशन लुटून जाळलं गेलं. मी म्हटलं, मग तुम्हाला भीती? तुम्ही म्हणालात, भीती सापाची. परसात खरंच होते.

2 फेब्रुवारीला, बाळ येसूला देवळात अर्पण केल्याच्या सणाला, तुम्ही मेणबत्त्या घेऊन चॅपलमध्ये शिरलात, सातही जणींनी व्रतं पुन्हा उच्चारली. मी बाहेरूनच बघितलं. वारा होता, जर्मन सिस्टरची मेणबत्ती तीनदा विझली.

आणि मग 13 तारखेला महाशिवरात्र. घरी असतो तर पहाटेच कुणकेश्वराच्या रांगेत असतो. मी उपास धरणार म्हटल्यावर डॉक्टरांनी हात जोडले. तुम्ही उकडलेली रताळी घेऊन आलात. ‘उपास नको, पण रताळां खा, उपासाचाच आसा.’ त्या दिवशी मी तुम्हाला कुणकेश्वराची आख्यायिका सांगितली. वादळात सापडलेल्या एका अरब व्यापाऱ्याला किनाऱ्यावरचा दिवा दिसला, जीव वाचला तर देऊळ बांधीन म्हणाला, बांधलं, आणि आपल्या धर्माचे लोक आता घेणार नाहीत म्हणून कळसावरून उडी टाकली, असं सांगतात. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, ‘उडी कित्याक मारूक होयी होती? पेज खावन घराक जावचा.’

दुसऱ्या दिवशी तुमचा राखेचा बुधवार. तुम्ही कपाळावर राखेचा क्रूस घेऊन औषधाची गाडी ढकलत आलात. मी चमकलो, कारण आदल्या दिवशी मी मनातल्या मनात भस्म लावलं होतं. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून ती राख करतात, आणि लावताना ‘तू माती आहेस, मातीत मिळशील’ म्हणतात, असं तुम्ही सांगितलंत. मी म्हटलं, आमच्याकडेही साधारण हेच. ‘मगे?’ एवढंच बोलून तुम्ही माझं तापमान घेतलंत.

निघताना मी खिशातले डॉलर पुढे केले ते घेतले नाहीत, दानपेटी दाखवलीत. पत्र लिहीन असं वचन दिलं आणि लिहिलं नाही. आधी लाज, मग पुढची बोट, मग लग्न. आई मात्र दर शिवरात्रीला नवसाचा नारळ ठेवून आली की विचारते, ‘त्या बायेक चिठी धाडलंस काय?’ नारळ ती दोन ठेवते. दुसरा कोणाचा ते देवाला ठाऊक असेल असं तिचं म्हणणं. पहिल्या वर्षी मी समजावायला गेलो होतो, आता जात नाही.

धाडली, आये.

सिस्टर, कारखान्यात बी फोडताना बायका अजून हाताला राख चोळतात, टरफलाचं तेल कातडी जाळतं म्हणून. हातमोजे आणून दिलेत, पण जुन्या दोघी-तिघी ऐकत नाहीत. त्यांच्या हातांकडे बघून तो बुधवार आठवतो.

मत्वाऱ्याच्या त्या गोणीतले गर भाजून बाजूला काढून ठेवलेत. तुमच्याकडे जे येतं ते सामाईक होतं हे माहीत आहे, म्हणून सात जणींना पुरतील असा अंदाज धरलाय. आता जिथे असाल तिथे किती जणी आहात तेवढं कळवा, आणि पत्ता. जर्मन सिस्टर ल्युडोत अजून चोरतात का, तेही.

तुमचो,
देवगडचो झील