ट्रंक म्हणजे पेटी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला पोलिस स्कॅनरवरचा, म्हणजे पोलिसांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायच्या यंत्रावरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं माझाच चष्मा बदलायला झालाय. लेखक महाशयांनी अमेरिकेतल्या राज्यव्यापी ‘ट्रंक्ड रेडिओ’चं मराठी केलंय ‘पेटीबंद रेडिओ’. पेटीबंद! म्हणजे लोखंडी ट्रंक, आत डांबराच्या गोळ्या, वर पांढऱ्या रंगाने नाव-गाव, आणि त्यात पोलिस बसलेत बोलत. मराठी शब्द वापरायचा आग्रह मला मान्य आहे हो, पण आधी त्या शब्दाचा अर्थ तरी कुणाला विचारायचा.

मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली पहिली नऊ साताऱ्याच्या एक्स्चेंजमधे. ट्रंक हा आमचा शब्द, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी, सगळ्यांनी वाटून वापरायची लाइन. १८० फिरवून ट्रंक बुक करायचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना सांगायला नको, ऑर्डिनरी, अर्जंट, आणि अगदीच गळ्याशी आलं तर लाइटनिंग. पुण्याकडे जाणाऱ्या लाइनी बोटांवर मोजण्याइतक्या आणि बोलायला अख्खं गाव. आमचा एक गुळाचा आडत्या होता, रोज अकराच्या सुमारास भाव विचारायला त्याला कॉल हवा, आणि तीन मिनिटं झाली की आम्ही मधे बोलायचो तेव्हा तो दरवेळी भांडायचा की माझी लाइन काढून दुसऱ्याला दिली. अरे बाबा, तुझी लाइन अशी काही नसतेच. जी मोकळी ती पुढच्याची. हे त्याला नऊ वर्षांत पटलं नाही, आणि तुमच्या लेखकालाही पटलेलं दिसत नाही.

कारण लेखात चक्क लिहिलंय की ‘पोलिसांची फ्रिक्वेन्सी टाका आणि ऐका’. कुठली फ्रिक्वेन्सी? मी गेली सहा वर्षं मुलाकडे मिनेसोटात असतो, इथलं राज्यभराचं रेडिओ नेटवर्क ‘आर्मर’, ८०० मेगाहर्ट्झवर चालतं, ८७ काउंट्यांचं (म्हणजे आपले जिल्हे) राज्य आणि तीनशेच्या वर टॉवर. त्यात पोलिसांचा म्हणून एक चॅनल नसतोच. पोलिस, फायर, अँब्युलन्स, रस्त्यावरचा बर्फ काढणारे, सगळे त्याच मोजक्या चॅनलवर. कुणी बटण दाबलं की त्याचा सेट आधी कंट्रोल चॅनलला विचारतो, तिथला कॉम्प्युटर मोकळा चॅनल देतो, आणि त्या ग्रुपचे बाकीचे सेट आपोआप तिकडे उडी मारतात. अशा ग्रुपला टॉकग्रुप म्हणतात. बोलणं संपलं की चॅनल परत सगळ्यांचा. पुढचं वाक्य वेगळ्याच चॅनलवर. तुम्ही एक फ्रिक्वेन्सी धरून बसलात तर अर्धं वाक्य चोराचं, पुढचं अर्धं बर्फाच्या गाडीचं, आणि तेसुद्धा ऐकू आलं तर. आमच्या एक्स्चेंजमधे जे काम आम्ही चार जणं प्लग खुपसून करायचो ते इथे कॉम्प्युटर करतो, बाकी फरक काही नाही.

दुसरं, ‘कुठलाही स्वस्तातला स्कॅनर चालतो’. हे वाक्य वाचून माझं डोकंच फिरलं कारण याच सल्ल्यावर मी ८० डॉलर घालवलेत. गॅरेज सेलमधे एकाने सांगितलं सगळं ऐकू येतं, घरी आणला तर नुसती घरघर, मिक्सरमधे सुपारी टाकल्यासारखी. कारण तो जुना अॅनालॉग आणि इथे सगळं डिजिटल, पी२५ नावाच्या पद्धतीचं. मग डिजिटल आणला, जुना वापरलेला, तरी शब्द तुटके. नंतर कळलं की शहरात आठ-दहा टॉवर एकाच वेळी एकाच चॅनलवर तेच सोडतात, सायमलकास्ट म्हणतात, आणि दोन टॉवरचा सिग्नल थोडा मागेपुढे पोचला की साध्या स्कॅनरचा गोंधळ उडतो. मोठा अँटेना लावला की आणखी बिघडतं, ही त्यातली गंमत. मग मी तो घेऊन घरभर फिरलो. बेसमेंट, बाथरूमची खिडकी, जिना. शेवटी स्वच्छ कुठे ऐकू आलं तर स्वयंपाकघरात देव्हाऱ्याच्या फळीवर, समईच्या उजव्या बाजूला, अँटेना अर्धवट खाली करून. बहुतेक तिथे एकाच टॉवरची वाट मोकळी होती. पंधरा दिवस तो तिथे होता. मग सौ. म्हणाल्या, गणपतीशेजारी पोलिस नकोत, आणि उचलला. चांगला नवीन घ्यायचा तर सहा-सातशे डॉलर मोजावे लागतात. मुलाने शेवटी तीस-चाळीस डॉलरच्या रेडिओ पकडणाऱ्या दोन यूएसबी कांड्या आणल्या आणि जुन्या लॅपटॉपवर एसडीआरट्रंक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. आता स्क्रीनवर दिसतं कुठला टॉकग्रुप बोलतोय. तर हे असं आहे, ‘कुठलाही स्वस्तातला’ नाही.

पण मुख्य तक्रार ही नाहीच. लेखाच्या शेवटी लिहिलंय ‘हे एक प्रकारे चोरून ऐकणंच’. काल पहाटे साडेपाचला, म्हणजे तुमच्याकडे दुपारचे चार, नाशिकहून आमच्या व्याह्यांचा फोन. आवाज दबका. "व्याहीबुवा, पेपरात आलंय, तुम्ही ते बंद करा, मुलाच्या नोकरीवर यायचं." आम्ही दोघं उठून बसलो, वाटलं कुणाचं काही झालं. त्यांना अर्धा तास समजावलं. तोपर्यंत फॅमिली ग्रुपवर लेखाचा फोटो येऊन खाली तीन हात जोडलेले आणि एक पोलिसाची टोपी. माझ्या धाकट्या भावाने लिहिलं, दादा रंगेल निघाला. खात्यात असताना हेडफोन कानाला असून कधी कुणाचं खाजगी बाहेर बोललो नाही, आणि सत्तरी उलटल्यावर तुमच्या कृपेने चोर ठरलो. धन्यवाद.

मिनेसोटात घरात बसून हे ऐकायला कुठलंही लायसन्स लागत नाही. गाडीत स्कॅनर ठेवायचा तर मात्र राज्याच्या क्राइम ब्युरोचं परमिट लागतं, किंवा हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, लायसन्स असलं तर चालतं. मुलाने एकदा मला गाडीतून उतरवून तो घरात ठेवायला लावला होता, म्हणून मी ७१व्या वर्षी हॅमची परीक्षा दिली. ३५ प्रश्न, २६ बरोबर यावे लागतात, माझे ३३ आले (हे ग्रुपवर टाकलं तेव्हा मात्र कुणी हात जोडले नाहीत). लपवायचं असतं ते लोक एन्क्रिप्ट करतात, म्हणजे कोडमधे बोलतात, तिथे आमच्या स्क्रीनवर नुसतं ‘ईएनसी’ येतं आणि शांतता. आणि ‘सॉफ्टवेअरने कोड फोडता येतो’ हे लेखात कुठून आलं? एईएस-२५६, म्हणजे तोच कोड, फोडणारं सॉफ्टवेअर लेखकाकडे असेल तर त्यांनी पेपरात लिहू नये, चांगले पैसे मिळतील.

उलट आता जे उघडं आहे तेच झपाट्याने बंद होतंय, लेखात त्यावर एक ओळ नाही. शिकागोने २०२२ पासून बंद करायला घेतलं, बाहेरच्यांना अर्ध्या तासाने शिळं मिळतं. न्यूयॉर्कने २०२३ मधे सुरुवात केली. कॅलिफोर्नियात पालो आल्टोने २०२१ मधे बंद करून पुढच्या वर्षी परत उघडलं, असंही घडतं. तिथल्या पत्रकारांनी यावर आरडाओरडा केला. आपल्या पत्रकारांना पेटी सापडली.

ऐकून मिळतं काय म्हणाल तर बहुतेक वेळा काहीच नाही. हरीण आडवं आलं, कुणाच्या गॅरेजचा अलार्म वाजतोय, बर्फात ट्रक आडवा. एक मात्र खरं, लेखकाला न सुचलेलं मीच सांगतो. गेल्या हिवाळ्यात फायरवाल्यांच्या ग्रुपवर आमच्याच गल्लीतला घर नंबर आला, ‘लिफ्ट असिस्ट’, म्हणजे म्हातारं माणूस पडलंय, उचलायला या. आठवड्याने ते आजोबा मेलबॉक्सपाशी भेटले, काठी नवीन होती, मी थंडीचं बोललो, तेही थंडीचं बोलले. त्या रात्री मी लॅपटॉप लावला नाही. याबद्दल कुणी लिहिलं असतं तर मी मान खाली घालून वाचलं असतं. पण म्हणून सगळं चोरी? २००७ साली १ ऑगस्टला इथे मिसिसिपीवरचा पूल ऐन संध्याकाळच्या ट्रॅफिकमधे कोसळला, १३ माणसं गेली, १४५ जखमी, तेव्हा शहराचे पोलिस, काउंटीचे लोक, फायर, अँब्युलन्स एकमेकांशी बोलू शकले ते याच ८०० मेगाहर्ट्झच्या नेटवर्कमुळे. पुरवणीत त्याला जागा नव्हती, वॉकी-टॉकीच्या फोटोला पाव पान होतं. आणि तो स्कॅनर नव्हे, त्याला बोलायचं बटण आहे, स्कॅनरला नसतं.

जाता जाता, हे पत्र मला तुमच्या वेबसाइटवर लेखाखालीच लिहायचं होतं. लॉगिनला ओटीपी मागतात आणि तो फक्त भारतातल्या नंबरवर जातो. वर्षाची वर्गणी मात्र इथल्या कार्डावरून बरोबर कापली. ओटीपी आता व्याह्यांच्या फोनवर येतो, आणि ते सध्या माझ्याशी जपूनच बोलतायत.

आपला,
एक जुना वाचक (मूळचा सातारा, मुक्काम मिनेसोटा)