क्लब निवडून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय!" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

आयर्लंडमधल्या किलकेनी काउंटीत (म्हणजे इथल्या जिल्ह्यात) आल्यावर लेकाला हर्लिंगसाठी, म्हणजे काठी-चेंडूच्या इथल्या मैदानी खेळासाठी, शहरातल्या क्लबात घालायचं आमचं जवळजवळ ठरलं होतं; ओळखीची मराठी मुलं तिकडेच जातात. तुम्ही म्हणालात, "घर ज्या पॅरिशमध्ये, क्लब त्याच पॅरिशचा. इथे असंच चालतं." मला ते जाचकच वाटलं. चर्चच्या हद्दीचा आणि पोराच्या खेळाचा काय संबंध?

तो तुम्ही बॅलीहेलला नेऊन दाखवलात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना थोडी घरं, की संपलं गाव. पण तिथल्या शॅमरॉक्स क्लबने ऑल-आयर्लंड, म्हणजे देशभरातल्या क्लबांचं, विजेतेपद 9 वेळा जिंकलंय. हर्लिंगमधली मोठी नावं, हेन्री शेफ्लिन तिथला, टी. जे. रीड तिथला. शेफ्लिनकडे काउंटीसाठी खेळून मिळवलेली 10 ऑल-आयर्लंड पदकं आहेत, आणि मानधन म्हणाल तर या खेळात कुणालाच नाही. बाहेरून खेळाडू विकत आणायची सोय नाही, तेव्हा गावात आहेत ती पोरं घडवण्यावाचून क्लबला गत्यंतर नाही. सगळी मेख इथे आहे. नुसत्या लोकसंख्येने काही होत नाही: डब्लिनची लोकसंख्या 14 लाखांच्या वर, हर्लिंगची ऑल-आयर्लंड विजेतेपदं 6, शेवटचं 1938 चं. किलकेनी जेमतेम 1 लाखाची, विजेतेपदं 36. डब्लिनचा अर्धा जीव गेलिक फुटबॉलमध्ये (इथल्या देशी फुटबॉलमध्ये) अडकलेला असतो हे खरं. किलकेनीत फुटबॉलला कोण विचारतं!

यात प्राथमिक शाळांचा वाटा किती, तेही तुमच्यामुळे कळलं. किलकेनीला 11 वेळा ऑल-आयर्लंड जिंकून देणारे प्रशिक्षक ब्रायन कोडी पेशाने प्राथमिक शिक्षकच होते.

आणि तो हर्ल, म्हणजे खेळायची काठी! मी सवयीने 'वाढत्या अंगाचा' घ्यायला निघाले होते. तुम्ही तो लेकाच्या कमरेच्या हाडाला लावून बघितलात, "एवढा लांब नको, मनगट वळणार नाही" म्हणालात आणि तुमच्या धाकट्याचा जुना अ‍ॅशच्या लाकडाचा काढून दिलात, मुठीला नवी पट्टी गुंडाळून. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली किती घट्ट हवा, तेही तुम्हीच दाखवलंत. आता शाळेत शेजारी बसणारा पोरगाच मैदानावरही त्याच्या शेजारी असतो. पुढेही बहुधा तोच असेल.

एक मात्र खटकतं. लहान पॅरिशमध्ये मुलं कमी झाली की शेजारच्या क्लबशी जोडून संघ उभा करावा लागतो, आणि कालपर्यंतच्या वैऱ्यांचा रंग अंगावर चढवताना म्हाताऱ्यांची तोंडं बघवत नाहीत. यावर तुमचं मत ऐकायचंय.

मनापासून आभार, ताई. क्लबच्या लोटोची (निधीसाठीच्या सोडतीची) या आठवड्याची तिकिटं माझ्या नावावर टाका, पैसे शनिवारी सरावाला आणून देते.

तुमची,
पॅरिशमधली शेजारीण