सीलच्या बेटावर निघण्याआधी

ता. साकोली, जि. भंडारा
१४ जानेवारी

प्रिय सुधाकर,

तुझं पत्र परवा मिळालं. वायव्य हवाईच्या बेटांवर मंक सील (रेतीवर येऊन झोपणारं समुद्री जनावर) मोजायच्या छावणीत तुझी निवड झाली, वाचून फार आनंद झाला. निघायला अजून तीन महिने आहेत, म्हणून आज फक्त कामाचंच लिहितो. पहिलं काम तुझ्या ओसरीतच पडलेलं आहे: तुझे बूट.

धानाच्या बांध्या, बोडीची पाळ, सारस मोजायचे सगळे रस्ते त्या बुटांनी तुडवलेत. जिभेच्या घडीत, लेसच्या भोकांत, तळव्याच्या खाचांत कुसळ नाहीतर गोखरू हमखास सापडेल. पायाला कितीही बसले असले तरी ते नेऊ नकोस. तिथल्याच लेसान बेटावर असंच काटेरी बोंडांचं एक परकं गवत शिरलं आणि त्यानं तिथलं मूळचं गवत मागे सारलं. ते उपटून संपवायला जवळपास दहा वर्षं लागली. त्याच बेटावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ससे सोडले होते. १९२३ पर्यंत नुसती रेती उरली, आणि फक्त लेसानवरच राहणाऱ्या पक्ष्यांचे तीन प्रकार नाहीसे झाले.

म्हणून तिथले नियम कडक आहेत. कपडे, बूट, पाठीची पिशवी, तंबूचं कापड सगळं नवं कोरं, आणि प्रत्येक बेटासाठी वेगळं. मऊ सामान निघण्याआधी ४८ तास फ्रीझरमध्ये राहतं, म्हणजे किडे आणि त्यांची अंडी मरतात. पुठ्ठ्याचं खोकं चालत नाही, पुठ्ठ्याच्या घड्यांत मुंग्या आणि झुरळाची अंडी लपतात. सामान जातं ते घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बादल्यांतून. चिकटपट्टीचे (व्हेल्क्रोचे) खिसे असलेली पँट घेऊ नकोस, बी तिथेच अडकतं.

आता सीलचं. जगात हे सील फक्त हवाईत, सुमारे १६००, आणि त्यातले बहुतेक या ओसाड बेटांवर. कॅरिबियन समुद्रातला यांचा भाऊबंद १९५२ नंतर कोणाला दिसलाच नाही, २००८ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. संख्या एवढी थोडी असली की नुसती डोकी मोजून भागत नाही, प्रत्येक जनावर ओळखावं लागतं. तू सारसाच्या जोड्या शेतावरून आणि घरट्यावरून ओळखतोस ना, तसंच. फरक इतकाच की सील रोज जागा बदलतो, म्हणून ओळख त्याच्या अंगावर शोधायची.

ओळखीच्या खुणा तीन. पहिली जन्मजात किंवा कमावलेली: शार्कच्या चाव्याचा व्रण, वल्ह्यासारख्या पायाला पडलेली खाच, पोटावरचा पांढरा डाग. त्यासाठी दोन्ही कुशी, पाठ, पोट, जमेल त्या बाजूने फोटो घ्यायचे. दुसरी खूण म्हणजे मागच्या दोन्ही पायांतले प्लास्टिकचे टॅग. रंगावरून जन्माचं बेट कळतं, अंकांवरून जनावर. पण झोपलेला सील मागचे पाय एकमेकांवर दाबून ठेवतो, वरून ओली रेती चिकटलेली. अशा वेळी पुढे सरकायचा मोह होतो. सरकू नकोस. दुर्बीण लावून बसून राहा, कूस बदलताना तो पाय पंख्यासारखे उघडतो आणि दोन-तीन सेकंदांत आकडा दिसतो. अर्धाच दिसला तर अर्धाच लिही. उरलेला आकडा अंदाजाने भरलास तर मेलेली मादी कागदावर जिवंत होते, आणि ती चूक पुढे कित्येक वर्षं कोणाला सापडत नाही.

तिसरी खूण ब्लीचची. केसांना लावायचंच ब्लीच असतं, निमुळत्या तोंडाच्या बाटलीत भरलेलं. सील गाढ झोपलेला आणि अंग कोरडं असताना वाऱ्याच्या खालच्या अंगाने, टोंगळ्यांवर सरकत जायचं, कुशीवर ठळक अक्षर-आकडा काढायचा आणि आलो तसं मागे फिरायचं. अंग ओलं असेल तर ब्लीच ओघळतं आणि ३ चा ८ दिसायला लागतो. त्यानं डोकं उचललं तर जागच्या जागी थिजायचं. पुन्हा डोकं टेकलं नाही तर त्या दिवशी तो नाद सोडायचा. ही खूण कात टाकेपर्यंत टिकते.

कात टाकणं तू जवळून बघशील. वर्षातून एकदा सीलचे केस वरच्या कातडीसकट सोलून निघतात, चिंध्या लोंबत असतात आणि खालून रुपेरी राखाडी नवं अंग दिसतं. बरेच दिवस समुद्रात काढून आलेला सील कात टाकण्याआधी शेवाळाने हिरवट दिसतो, आपल्या मालगुजारी तलावाच्या पायरीसारखा. नवखा माणूस त्याला आजारी समजतो. या एक-दोन आठवड्यांत त्याला पाण्यात पळायला लावणं फार वाईट. किती टक्के कात गेली हेही रोज लिहायचं असतं.

पिल्लांकडे सगळ्यात जास्त लक्ष लागतं. जन्मतः काळंभोर, १५ किलोच्या आसपास. आई पाच-सहा आठवडे पाजते आणि तेवढे दिवस स्वतः काही खात नाही. ती वाळत जाते, पिल्लू भरल्या धानाच्या पोत्याएवढं होतं, आणि एक दिवस ती त्याला सोडून समुद्रात निघून जाते. दोन आया जवळजवळ असल्या तर भांडणात पिल्लांची अदलाबदल होते. मग लहान पिल्लू अशा आईकडे जातं की जिचे पाजायचे दिवस संपत आलेत, आणि हडकुळं असतानाच त्याचं दूध तुटतं. जन्माची तारीख नेमकी नसेल तर ही गोष्ट कळायला मार्गच उरत नाही.

टॅग दूध तुटल्यावरच मारायचा. दोघे-तिघे लागतात. एकजण पिल्लू धरतो, दुसरा बोटांमधल्या पडद्याला भोक पाडून टॅग बसवतो, तिसरा लांबी आणि पुढच्या पायांमागचा घेर मोजून लिहून घेतो. भोकातून निघालेला कातडीचा तुकडा फेकायचा नाही, जनुकांच्या तपासणीसाठी तो जपतात. काही मिनिटांत उरकलं पाहिजे, म्हणून पक्कड, टॅग, टेप सगळं आधी क्रमाने मांडून ठेव. ऊन चढलं असेल तर पुढे ढकल.

धोके वेगवेगळे. याच बेटांतल्या फ्रेंच फ्रिगेट शोल्सला गालापागोस शार्क उथळ पाण्यात येऊन पिल्लं नेतात. काही ठिकाणी नर घोळका करून मादीची पाठ फाडतात. आणि जाळी: उत्तर पॅसिफिकमधून वाहत आलेली तुटकी जाळी, दोर, पट्ट्या. हॅगफिश नावाची लांबट मच्छी धरायच्या सापळ्याचं प्लास्टिकचं नरसाळं पिल्लाच्या नाकाडावर घट्ट बसतं. आपल्याकडच्या बांबूच्या सापळ्यात मच्छीला आत जायची वाट असते, बाहेरची नसते, तशीच त्याची रचना. ते वेळेत काढलं नाही तर पिल्लू उपाशी मरतं. आज जिवंत असलेल्या या सीलांपैकी साधारण ३० टक्के अशाच मदतीमुळे आहेत, स्वतः वाचलेले किंवा वाचलेल्यांच्या पोटचे. रोजच्या फेरीत दिसेल ते जाळं भरतीच्या रेषेच्या वर ओढून ठेवायचं ते यासाठी.

फेरीत संपूर्ण किनारा फिरायचा, दुपारी, कारण तेव्हा जास्त सील रेतीवर असतात. प्रत्येक नोंदीत वेळ, किनाऱ्याचा भाग, आकार, नर-मादी, टॅग, ब्लीच, शेजारी कोण, अंगाची स्थिती, आणि आपल्यामुळे तो हलला का. हा शेवटचा रकाना लाजून रिकामा ठेवू नकोस. एखाद्या भागात एकही सील नसेल तर शून्य लिही. रिकामी ओळ म्हणजे तू तिथे गेलाच नाहीस असा अर्थ निघतो. सारसाच्या वहीत आपल्या पोरांची हीच चूक होते.

किनारा सोडून आत चालताना पायाखालची रेती पोकळ असते. खाली पेट्रेल आणि शिअरवॉटर पक्ष्यांची बिळं. पाय धसला की पुढे जायचं नाही, तिथेच बसून हाताने रेती उपसायची, पक्षी किंवा पिल्लू मोकळं करायचं आणि बिळाचं तोंड पुन्हा नीट करायचं. फेरीला उशीर झाला तरी.

ऊन आपल्या मे महिन्यासारखं भाजणारं नाही, पण पांढऱ्या रेतीवरून उलटून डोळ्यांत जातं. प्यायचं पाणी कॅनमधून जहाजावर येतं, अंघोळ समुद्रात. खारा वारा सोलरच्या जोडण्या आणि कॅमेऱ्याची बटणं खातो, रोज रात्री पुसून कोरड्या डब्यात ठेव.

आणि जमीन कायमची आहे असं धरू नकोस. फ्रेंच फ्रिगेट शोल्समधल्याच ईस्ट आयलंडवर सील आणि समुद्री कासवं दोन्ही वीण घालायची. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये वलाका वादळात जवळपास सगळं बेट वाहून गेलं. आधीच्या वर्षांच्या वह्यांत कोणती मादी कुठे विते हे लिहिलेलं होतं, म्हणून पुढच्या वर्षी कोणाला कुठे शोधायचं हे तरी कळलं.

काकू लोणचं आणि मसाला बांधून देणारच. त्यांना सांग, अख्खी मोहरी, मेथी, धणे काही नको, रुजेल असं काहीच नको. काय चालतं ते बेटागणिक वेगळं आहे, छावणीकडून यादी मागव आणि मगच डबे भर. यादी आली की मलाही एक प्रत पाठव, आपण दोघं बसून एकेक वस्तू तपासू. आणि ते बूट मला देऊन जा, जूनमध्ये सारसाच्या गणनेला कामी येतील.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विलास