सुई टोचली तर लपवू नको

चि. मीना,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू नर्सिंग शिकायला निघालीस, तुझी धुळ्याची गाडी सुटली आणि मी ओमला घेऊन स्टँडवरच बसून राहिले. शेवटी तोच म्हणाला, "आजी, गाडी गेली ना, चल आता." घरी येऊन बघते तर तुझा डबा माझ्याच पिशवीत. कळण्याची भाकर आणि भरीत. संध्याकाळी नानांनी तो उघडला, अर्धी भाकर खाल्ली आणि उठून गोठ्यात गेले.

शनिवारी रात्री मी बोलायला नको होतं ते बोलले. "तेहतिसाव्या वर्षी दप्तर घेऊन कुठं निघालीस, पोराकडे बघ." ओम ऐकत होता, याचं जास्त वाईट वाटतं. जावई काही बोलले नाहीत, त्यांनी गुपचूप तुझी ट्रंक बांधली. नाना तेवढं म्हणाले, "जाऊ दे तिले." मला कारण दुसरंच होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

आता वॉर्डात पाठवायला लागतील. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, एवढं ध्यानात ठेव. तशीच सुईच्या डब्यात टाक. आणि टोचलीच, तर बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच सिस्टरला सांगायचं. एचआयव्हीचं औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत तरी सुरू व्हायलाच हवं. रागावतील म्हणून लपवू नको. कावीळ-बीची लस घेतलीस ना? तीन डोस असतात, पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. मधला चुकवू नको.

बघ, पुन्हा सुरू झाले. तुला हे सगळं तिथं शिकवतीलच, आणि मी आठवी पास आशा सेविका तुला सांगतेय. माफ कर.

पण सांगायला कारण आहे. २०१० साली तू बारावी झालीस आणि नर्सिंगचा फॉर्म आणलास. मी म्हटलं, नको. पैसे नाहीत म्हणून नको, असं तुला वाटलं. नानांच्या बहिणीला, तुझ्या फुईला, तू तसंच सांगितलंस, तिने नानांना दोन शब्द सुनावले, आणि मी ते चालू दिलं. खरं असं की त्याच्या पंधरा दिवस आधी लसीकरणाच्या दिवशी कचरा गोळा करताना माझ्या अंगठ्यात सुई घुसली होती. कापसाच्या बोळ्यात दडलेली, दिसलीच नाही. तिथल्या एका माणसाने सांगितलं, पिळून टाका, काही होत नाही. मी पिळलं. नंतर कुणीतरी म्हणालं, तीन महिन्यांनी रक्त तपासा.

ते तीन महिने मी माझा पेला वेगळा ठेवला, टॉवेल वेगळा. तुझी वेणी घालणं सोडलं. "आई, मला शिवत का नाहीस?" असं तू चुलीपाशी विचारलंस, आणि मी विळी घासत राहिले. त्या दिवसांत तू फॉर्म घेऊन आलीस. मला डोळ्यांपुढे फक्त तुझा अंगठा दिसत होता. तपासणी चांगली आली तोवर फॉर्मची तारीख गेली होती, मग स्थळं येऊ लागली. नानांनाही मी हे कधी सांगितलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगते आहे.

पंधरा वर्षं गेली गं तुझी त्यात. या कोर्सला वयाची ३५ ची अट आहे, अजून दोन वर्षं थांबली असतीस तर दारच बंद झालं असतं. ते आठवलं की पोटात गोळा येतो.

ओमच्या बाळंतपणाला आली होतीस, अंगात ताकद नव्हती तुझ्या. शेजारच्या सुनेचं बाळ दूध ओढेना म्हणून मी गेले, तर तू मागून आलीस. घड्याळ हातात घेऊन पूर्ण एक मिनिट त्याची छाती बघत बसलीस. ६८ श्वास भरले. "आई, साठच्या वर आहे, सकाळची वाट नको बघू." त्या रात्री गाडी केली. ते पोर आता ओमच्या शाळेत आहे. मी त्याला बघते तेव्हा तुला आठवते. हे तोंडावर कधी बोलले नाही.

वर्गातल्या पोरी तुला काकू म्हणतात, असं फोनवर म्हणालीस. म्हणू दे. रात्री त्यांना पोटात दुखलं की तुझ्याच खोलीत येतील. इंग्रजी जड जातं म्हणालीस, तर रोज दहा-दहा शब्द लिही, पण जागरण करू नको. झोप नसली की हात थरथरतो आणि हात थरथरला की... जाऊ दे.

ओमचं इकडे बरं आहे. सकाळी नानांबरोबर केळीला पाणी द्यायला जातो. तीन वर्षं कशी जातील, ते मला विचारत नाही. आखाजीच्या सणाला आई झोका बांधेल का, एवढंच विचारतो. मी हो म्हटलंय. सुट्टी मिळेल ना?

डबा कुणाबरोबर तरी परत पाठवते. लसीचा दुसरा डोस कोणत्या तारखेला आहे, तेवढं मात्र आजच कळव.

तुझी,
आई