सही न करणाऱ्या काकांना

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

एअरोस्पेस इंजिनिअरिंगच्या पदवीला प्रवेश मिळाल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि पुढच्याच वाक्यात "फॅनची वायर काढून ठेवलीस ना?" असं विचारलंत. आभार मानायला जागाच ठेवली नाहीत, म्हणून हे पत्र. ते उघडं लिहितेय, कारण अर्ज भरायला बसलेल्या ज्या मुलामुलींच्या शेजारी विमानदुरुस्तीतून निवृत्त झालेले काका राहत नाहीत, त्यांनाही यातलं थोडंफार उपयोगी पडेल. तुमचं नाव कुठेही घातलेलं नाही, निर्धास्त राहा.

एसओपीचा (अर्जासोबत द्यायच्या "मला हेच का शिकायचंय" या निबंधाचा) माझा पहिला खर्डा तुम्ही वाचलात, तो प्रसंग आठवला की अजून कान गरम होतात. "लहानपणापासून मला आकाशाचं वेड" अशी सुरुवात, मधे दोन थोर शास्त्रज्ञांची वचनं, शेवटी "माझ्या स्वप्नांना पंख". तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. "यात दोष कुठला नोंदवलाय? आणि दुरुस्ती काय केली?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तुम्ही टेक लॉगबद्दल, म्हणजे विमानाच्या दोष-दुरुस्तीच्या नोंदवहीबद्दल सांगितलंत. वैमानिक उतरला की लिहितो, अमुक उंचीवर, अमुक वेगाला, डाव्या बाजूने थरथर. समोरच्या रकान्यात तुम्ही लिहायचात, काय तपासलं, काय सापडलं, कुठला भाग बदलला, मॅन्युअलच्या कुठल्या कलमाप्रमाणे. खाली सही. ती सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. "त्या रकान्यात कोणी विमानावरच्या प्रेमाबद्दल लिहीत नाही," तुम्ही म्हणालात, "पण माणसाला काम येतं की नाही, ते दोन ओळींत कळतं."

दुसऱ्या परिच्छेदात मी विमान कसं उडतं ते समजावलं होतं. (कोणाला, तर एअरोस्पेसच्या प्राध्यापकांना!) पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता, खालच्या हवेला मागच्या कडेला गाठायचं म्हणून ती जोरात धावते, म्हणून वर दाब कमी. वाचलेलं, ऐकलेलं, पाठ असलेलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "दोघींनी भेटायचं ठरवलंय का?" आणि मग, "कसरतीचं विमान उलटं उडतं तेव्हा काय होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वरची हवा वेगाने जाते हे खरं, तिथे दाब कमी असतो हेही खरं. पण ती खालच्या हवेसाठी थांबत नाही, तिच्या आधीच मागच्या कडेला पोचते. पंख हवेला खाली वळवतो, हवा त्याला वर ढकलते, आणि दाबाचा हिशेब मांडला तरी उत्तर तेच येतं. उलट्या विमानाचा वैमानिक फक्त नाक थोडं वर धरून वाऱ्याशी पंखाचा कोन जमवतो. तो परिच्छेद तसाच अर्जात गेला असता, तर पुढचं कोणी वाचलं असतं असं मला वाटत नाही.

मग खर्ड्यात उरलं काय? काहीच नाही. तेव्हा तुम्ही कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे बोट केलंत.

ते खोकं म्हणजे माझं विंड टनेल, वाऱ्यात पंख तपासायचा बोगदा. तोंडाशी वारा सरळ करायला स्ट्रॉचा जुडगा, मधे थर्मोकोलचा ८ सेंटीमीटर रुंद आणि २० सेंटीमीटर लांब पंख, त्याखाली वजनकाटा. सुरुवातीला मी फॅन पुढे लावून वारा आत सोडत होते आणि पंख नुसता लटपटत होता. फॅन मागे लावून हवा ओढून घ्यायची, म्हणजे पात्यांनी घुसळलेली हवा पंखापर्यंत येत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. तुमच्या भिंतीवरच्या पाटीवरून अवजारं नेऊन मी ते दुपारभर उलटं बसवलं. (त्या पाटीवर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा रंगवलेली आहे. काम संपल्यावर एखादी आकृती रिकामी दिसली, तर ते अवजार विमानात राहिलं असेल असं धरून चालायचं आणि सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही, हेही त्याच दुपारी कळलं.)

टनेल चाललं, पण आकडे चुकले. ताशी साधारण १४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात गणित १२ ग्रॅम लिफ्ट (पंखाची उचल) सांगत होतं. काटा ७ दाखवत होता. पुस्तकातला पंख वाऱ्याशी १५ अंशांच्या कोनापर्यंत उचल वाढवत जातो, माझा ८ अंशांनंतरच ढेपाळत होता. प्रयोग फसला असं समजून मी ती वही बंद केली होती. अर्जात त्याचा उल्लेखही नव्हता.

तुम्ही राइट बंधूंच्या १९०१ सालच्या ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा विषय काढलात. तेही असंच फसलं होतं, लिफ्ट हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश. त्या काळी वाऱ्याच्या वेगावरून उचल काढायला ०.००५ हा स्मीटनचा गुणांक १८व्या शतकापासून बिनबोभाट वापरात होता. दोघा भावांनी आपल्याच मोजमापांवरून तो ०.००३३ च्या आसपास आणला. मग सुमारे ६ फूट लांबीची पेटी बांधून तिच्यात वारा सोडला आणि पंखांचे छोटे छोटे नमुने तपासले, दोनशेच्या आसपास. १९०२ चं ग्लायडर त्या आकड्यांवर उडालं, आणि १७ डिसेंबर १९०३ चं विमानही. "त्यांनी १९०१ ची वही बंद केली असती तर?" हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण चेहऱ्यावर होता.

पुढचे पंधरा दिवस मी ७ ग्रॅमच्या मागे लागले. आखूड पंखाच्या टोकांवरून खालची हवा वर निसटते. माझा पंख रुंदीच्या जेमतेम अडीचपट लांब, म्हणजे ही गळती भरपूर. दुसरं, वेग गुणिले रुंदी भागिले हवेची शुद्धगतिक श्यानता (घनतेने भागलेला चिकटपणा) असा रेनॉल्ड्स अंक काढला तर माझ्या पंखाचा २१ हजारांच्या घरात आला. प्रवासी विमानाच्या पंखाचा तोच अंक कोटींत जातो, आणि पुस्तकातला आलेख लाखांतला होता. इतक्या कमी अंकाला हवा पंखाच्या पाठीवरून लवकर सुटते, म्हणून ८ अंशांचं ढेपाळणं. तिसरं, वाऱ्याचा वेग मी फक्त मध्यभागी मोजला होता, पुठ्ठ्याच्या भिंतींजवळ तो कमी असणार. तरीही हिशेब पुरता जुळला नाही. एखाद ग्रॅम सुटाच राहिला.

"तोही लिही," तुम्ही म्हणालात.

शेवटच्या एसओपीचं पहिलं वाक्य असं झालं: "माझ्या पंखाने १२ ग्रॅम उचलायला हवे होते, त्याने ७ उचलले." आकाश, वेड, स्वप्नं सगळी गेली, आणि मला त्यांची आठवणही आली नाही.

आता शिफारसपत्राचं. काका, तेव्हा मी तुमच्यावर खरंच रागावले होते. पस्तीस वर्षं विमानांवर काम केलेल्या माणसाचं पत्र म्हणजे हुकमाचं पान, असं मी मनात धरून चालले होते. तुम्ही सरळ नाही म्हणालात. "तू वर्गात कशी आहेस, परीक्षेच्या दडपणात कशी वागतेस, बरोबरीच्यांशी कशी वागतेस, यातलं मी काही पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही." मी म्हटलं, टनेल तर पाहिलंत. "टनेल मी तुझ्याबरोबर दुरुस्त केलंय. स्वतः हात लावलेल्या कामाची तपासणी दुसऱ्याने करायची असते." चार दिवस मी तुमच्याकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी फिजिक्सच्या सरांकडे गेले. पंख कसा उडतो यावरून मी वर्गात ज्यांच्याशी वाद घातला होता, तेच सर. मुदतीच्या सहा आठवडे आधी गेले, वही घेऊन गेले, फसलेल्या आकड्यांसकट. सरांनी पत्र लिहिलं. त्यात काय होतं मला माहीत नाही, पण मुलाखतीत पहिला प्रश्न त्या वादाबद्दलच आला, त्यावरून अंदाज करते.

अभ्यासक्रम निवडण्याचं मात्र तुम्ही फार थोडक्यात उरकलंत. माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवायचे आणि विषयांची यादी उघडायची. एरोडायनॅमिक्स, स्ट्रक्चर्स, प्रोपल्शन, फ्लाइट मेकॅनिक्स आणि कंट्रोल, हे सगळं आहे का? की नाव एअरोस्पेस आणि आत मेकॅनिकलला जोडलेले दोन ऐच्छिक विषय? पहिलं वर्ष सगळ्या शाखांना एकत्र असेल तर नंतर शाखा कशाच्या जोरावर मिळते? पदवीच्या विद्यार्थ्यांना विंड टनेलला हात लावता येतो, की काचेपलीकडून दाखवतात? आणि परदेशी जायचं असेल तर एक जास्तीची गोष्ट. काही देशांत निर्यात नियंत्रणाच्या (संवेदनशील तंत्रज्ञान परक्यांच्या हाती जाऊ नये म्हणूनच्या) नियमांमुळे परकीय विद्यार्थ्यांना काही संशोधनापासून लांब ठेवतात. त्याची चौकशी प्रवेशाआधी करायची, नंतर नाही. "आपलंच विद्यापीठ का?" या प्रश्नाला मी "जागतिक दर्जाचे प्राध्यापक" असं लिहिलं होतं. त्या जागी दुसऱ्या विद्यापीठाचं नाव घालून तुम्ही तेच वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलंत. पुरे झालं.

मुदत शेवटच्या तारखेला रात्री ११:५९ ची. "कुणाच्या घड्याळाने?" मी गप्प. तुमचं सगळं आयुष्य यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत गेलेलं, त्यामुळे वेळेसमोर टाइमझोन नसेल तर तुम्हाला ती वेळच वाटत नाही. पाहिलं तर मी उलट्या दिशेने तास मोजले होते. भरलेला फॉर्म तुम्ही स्वतः तपासला नाहीतच. ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाला दे, म्हणालात. कळणारा माणूस डोळ्यांनी चुका आपोआप दुरुस्त करून वाचतो. धाकट्या भावाला बसवलं. पासपोर्ट क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट झालेले त्याने तिसऱ्या मिनिटाला पकडले. घरात अजून ऐकवतो.

मुलाखतीत धातूच्या थकव्यावर (पुन्हा पुन्हा ताण पडून धातूला चीर जाण्यावर) विषय गेला आणि मी कॉमेट या जुन्या ब्रिटिश जेट प्रवासी विमानांचं नाव घेतलं. १९५४ साली जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये एक, अशी दोन कॉमेट हवेतच फुटली. "चौकोनी खिडक्यांमुळे ना?" त्यांनी विचारलं. हा सापळा होता की साधा प्रश्न, अजून ठरवता आलेलं नाही. मी तुमच्याकडून ऐकलं होतं तेच सांगितलं. समुद्रातून वर काढलेल्या अवशेषांत चीर प्रवाशांच्या खिडकीपाशी नाही, तर छतावरच्या अँटेनाच्या झरोक्याच्या कोपऱ्यात, एका छिद्रापासून सुरू झालेली सापडली. मग त्यांनी विचारलं, इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत बुडवून, आत दाबाने पाणी भरून तपासलं, ते कशासाठी? हे तुम्ही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, माहीत नाही, पण विचार करून सांगते. हवा दाबली की तिच्यात ऊर्जा साठते, धड फाटलं तर स्फोट होईल आणि चीर कुठून सुरू झाली ते कळणारही नाही. पाणी जवळजवळ दबतच नाही, म्हणून फाटलं तरी तुकडे जागच्या जागी राहतील. बरोबर, म्हणाले.

एका ठिकाणाहून नकारही आला, कारण न देता. मी तो तुम्हाला दाखवला आणि अर्जात काहीच चूक नव्हती म्हणाले. त्यावर तुम्ही टेक लॉगमधल्या "नो फॉल्ट फाउंड" (दोष सापडला नाही) या शेऱ्याबद्दल अर्धा तास बोललात. हा शेरा मारून सोडलेला दोष चार उड्डाणांनी हटकून परत येतो, म्हणे. मी तो अर्ज पुन्हा वाचला. त्या विद्यापीठासाठी मी घाईत जुनाच खर्डा थोडा हलवून पाठवला होता. आकाशाचं वेड होतंच त्यात.

परवा टनेल सोडवलं. वायर आधी काढली, काळजी नको. स्ट्रॉचा जुडगा बाहेर ओढला तर त्याच्या मागे, आडवा अडकलेला, तुमचा लाल मुठीचा छोटा स्क्रूड्रायव्हर निघाला. पाटीवरची ती आकृती इतके महिने रिकामी आहे आणि तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. म्हणजे माझी सगळी मोजमापं तो आत असताना झालेली आहेत, आणि तो सुटा राहिलेला ग्रॅमही बहुधा तिथलाच. वहीत तारीख घालून तशी नोंद केली आहे. रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन येते. जाण्यापूर्वी टनेल एकदा परत जोडून पुन्हा मोजावं लागेल.

आपली,
शेजारच्या घरातली