जर्मन शिकणाऱ्या ज्येष्ठांसाठी श्रवणवर्ग हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार महाराष्ट्र शासनाने २०२४ साली केला, तेव्हापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातही जर्मन भाषेची चर्चा ऐकू येऊ लागली आहे. ही चर्चा साहजिकच तरुणांविषयी आणि नोकऱ्यांविषयी असते. परंतु मुले तिकडे स्थायिक झाल्यामुळे साठी उलटल्यावर या भाषेची मुळाक्षरे गिरवणारी माझ्यासारखी माणसेही कोकणात आहेत, आणि आमची अडचण वेगळी आहे. शाळेत संस्कृतची रूपे पाठ केलेल्या पिढीला जर्मनच्या चार विभक्तींचे भय वाटत नाही, वाचनही हळूहळू जमते. समोरचा माणूस बोलू लागला की मात्र काहीच हाती लागत नाही. या अडचणीकडे शिकवणाऱ्यांचे आणि आपल्या वाचनालयांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र.

वय वाढते तसे प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, फ, श यांसारख्या व्यंजनांचा बराचसा भाग नेमका त्याच पट्टीत असतो, त्यामुळे स्वर कानी पडतात आणि व्यंजने पुसट होतात. मराठी ऐकताना हे जाणवत नाही, कारण आयुष्यभराच्या सवयीने गाळलेली जागा मन आपोआप भरून काढते. नव्या भाषेत असा साठाच नसतो. म्हणून ज्येष्ठ विद्यार्थ्याला ‘लक्ष देऊन ऐका’ असे सांगणे पुरेसे नाही. वर्ग सुरू करण्यापूर्वी त्याने कानांची तपासणी करून घ्यावी आणि ध्वनिमुद्रण चांगल्या हेडफोनवर ऐकावे, हे त्याला स्पष्टपणे सांगायला हवे. पंखे फिरत असलेल्या मोठ्या खोलीत मोबाइलच्या स्पीकरवरून उतारा दोनदा वाजवायचा आणि लगेच उत्तरे विचारायची, ही पद्धत मी एका वर्गात अनुभवली आहे. तिने ज्येष्ठांची केवळ परीक्षा होते, शिक्षण होत नाही.

दुसरी अडचण खुद्द बोलीची आहे. पुस्तकातले ‘हाबन वीर’ (आमच्याकडे आहे) बोलताना ‘हामवा’ होते, ‘इस्ट’मधला (आहे) शेवटचा ट गळतो, शब्दान्तीचा ग हा क सारखा ऐकू येतो. त्यात बाडेन-व्युर्टेम्बर्गची राजधानी असलेल्या स्टुटगार्टच्या परिसरात श्वाबियन ही स्थानिक बोली. तिथे ‘इस्ट’चे ‘इश’ होते. केवळ पाठ्यपुस्तकातून मराठी शिकलेला परका माणूस मालवणच्या बाजारात उभा राहिला तर त्याची जी अवस्था होईल, तीच आमची तिकडे होते.

तरीही मराठी माणसाच्या कानाला काही गोष्टी सोप्या आहेत, आणि त्या कोणी सांगत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. जर्मन संख्येत एकक आधी आणि दशक नंतर येतो. इंग्रजीच्या सवयीने ऐकणारा तिथे गोंधळतो, पण ‘पंचेचाळीस’मध्ये पाच आधी उच्चारणाऱ्या आपल्याला त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. चमच्यातला च आपल्याकडे आहेच, त्यामुळे जर्मनमधील आगगाडीचा शब्द (Zug) आपल्या ‘चूक’ या शब्दासारखाच कानावर पडतो. जर्मनमध्ये ‘येणे’ या क्रियापदाचा अर्थ पोहोचणे, सोबत येणे की परत येणे, हे अनेकदा वाक्याच्या अगदी अखेरीस येणाऱ्या लहानशा शब्दाने ठरते. क्रियापदासाठी वाक्य संपेपर्यंत थांबण्याची सवय मराठीने आपल्याला लावलेलीच आहे. शिक्षकांनी इंग्रजीच्या आधाराने शिकवण्याऐवजी मराठीच्या आधाराने शिकवले, तर निम्मी भीती तिथेच जाईल. सावध राहायचे ते घड्याळाच्या वेळेबाबत, कारण ‘हाल्ब आख्ट’ (शब्दशः ‘अर्धे आठ’) म्हणजे साडेआठ नव्हे, साडेसात.

मला उपयोगी पडलेली रीत साधी आहे. अर्ध्या मिनिटाचा उतारा प्रथम मजकूर न पाहता ऐकावा, मग छापील मजकूर समोर ठेवून ऐकावा, कोणता शब्द आपल्या कानाला वेगळा वाटला तिथे खूण करावी, पुन्हा मजकुराविना ऐकावा आणि शेवटी निवेदकाबरोबर मोठ्याने म्हणावा. जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटच्या नमुना प्रश्नपत्रिका ध्वनिमुद्रणासह संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ए-१ या सर्वांत पहिल्या पातळीच्या परीक्षेतील सूचना व उद्घोषणांचा भाग एकदाच ऐकवला जातो, म्हणून त्याचा सराव विशेष करावा. डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासह उपलब्ध असतात, पण त्यांतील शब्दसंपदा नवशिक्याला जड आहे. शिवाय सावकाश वाचनात शब्द सुटे राहतात, त्यामुळे नेहमीच्या वेगातले साधे संभाषण ऐकण्याला त्या पर्याय ठरत नाहीत.

ग्योथे इन्स्टिट्यूटचे भारतातील केंद्र असलेले मॅक्स म्युलर भवन मुंबई-पुण्यात आहे. गुहागर किंवा वेंगुर्ल्याच्या ज्येष्ठाने तिथे नियमित जाणे शक्य नाही, आणि घरी एकट्याने सराव टिकत नाही. १८२८ साली स्थापन झालेल्या रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयासारखी जुनी वाचनालये आपल्या किनाऱ्यावर आहेत. अशा वाचनालयांनी आठवड्यातून एक तास एक शांत खोली, काही हेडफोन आणि छापील उतारे एवढी सोय केली, तर ज्येष्ठांचा श्रवणवर्ग सहज उभा राहील. त्यासाठी तज्ज्ञ शिक्षक रोज लागणार नाही. थोडे पुढे गेलेल्याने नव्याला सांभाळून घेतले तरी चालेल. गणपतीनंतर असा वर्ग सुरू करण्यास सिंधुदुर्गातील एखादे वाचनालय तयार असेल, तर उतारे निवडून ते मोठ्या टायपात छापून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, मालवण