पुन्हा तोच सेल्फ गोल

इंदूर, रविवार

प्रिय दोस्ता,

चार महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा बरा, बीपी आहे तेवढंच.

काल एका मुलीच्या इंग्रजी निबंधात 'सेल्फ गोल', म्हणजे आपल्याच जाळ्यात मारलेला गोल, सापडला आणि तू आठवलास. 'सेल्फ गोल'च बरोबर म्हणून राजवाड्यावर पोहे गार होईस्तोवर भांडला होतास ना? चूक तुझीच होती. आपले पेपर 'स्वयंगोल' लिहितात, इथले इंग्रजीवाले 'सेल्फ' छापतात, पण विलायतेत म्हणतात 'ओन गोल'. आधी 'ॲन' हवा, 'अ' नाही, क्रियापद 'स्कोअर'. २०१८च्या रशियातल्या विश्वचषकात असे १२ झाले, एक तर थेट फायनलला. आपला 'पायावर धोंडा' इथे अगदी चपखल बसतो.

खरी पंचाईत 'मूव्ह द गोलपोस्ट्स'ची. निम्मी पोरं लिहितात 'ध्येय बदललं'. अरे, ध्येय आपलं आपण बदलतो! इथे खांब दुसराच हलवतो, तेही आपण खेळायला उतरल्यावर. बँकेने दोन कागद मागितले, ते नेले की म्हणे आता तिसरा आणा, हे ते. अर्थ पाठ करून हे कळत नाही. म्हणून आधी फळ्यावर मैदान काढायचं, खांब पुसून बाजूला काढायचे, 'नुकसान कुणाचं?' विचारायचं आणि मगच वाक्य द्यायचं.

'किक ऑफ' दुधारी आहे. मीटिंग किक ऑफ झाली म्हणजे सुरू झाली. ब्रिटनमध्ये माणूस किक ऑफ झाला म्हणजे भडकला, तुझ्यासारखा. नाम असेल तर मधे छोटी रेघ, क्रियापद असेल तर नाही. यात हमखास मार्क जातात.

आणि सगळा चेंडू फुटबॉलचा नसतो. 'द बॉल इज इन युअर कोर्ट', म्हणजे आता पुढचं तू ठरव, हे टेनिसचं. फुटबॉलला कोर्ट कुठलं? 'ड्रॉप द बॉल', म्हणजे हातातलं काम चुकवणं, हेही आपल्या फुटबॉलचं नाही, गोलकीपर आणि थ्रो-इन सोडले तर चेंडू हातात धरतो कोण? हॅट्ट्रिक तर चक्क क्रिकेटची. १८५८ साली शेफील्डला स्टीफन्सन नावाच्या क्रिकेटपटूने लागोपाठ तीन गडी घेतले, लोकांनी वर्गणी काढून त्याला टोपी दिली. यावरची पैज तू जिंकलास, कबूल. पैसे मात्र मागू नकोस.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकट्याच्या नोकरीचं काय झालं? वडोदऱ्याचं घर घाईने विकू नकोस.

लसणाची शेव पाठवतोय. मावशींना तिखट चालतं का ते आधी विचार.

तुझाच,
मास्तर